सूज उतरली, दुखणं कुणी मोजलं?

पांढऱ्या उंदराचा मागचा पाय घोट्यावर मारलेल्या रेघेपर्यंत पाऱ्याच्या नळीत बुडवायचा आणि शेजारच्या नळीत पारा किती चढला ते वाचायचं. मग पाय पुसायचा, उंदीर पिंजऱ्यात ठेवायचा, पुढचा घ्यायचा. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात मी हे शेकडो वेळा केलं. तीस उंदीर होते, सहा-सहाचे पाच गट. ओळख पटावी म्हणून त्यांच्या अंगावर पिक्रिक ॲसिडचे पिवळे ठिपके होते. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीच्या मुळाशी.

तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकाने पाय नळीत घालू दिला नाही. तो ओरडला नाही, चावला नाही. मी पाय ओढला की तो पुन्हा पोटाखाली घ्यायचा. त्याच्या अंगावरचे केस पिंजारलेले होते, डोळे अर्धे मिटलेले. चौथ्या खेपेला मी रीडिंग घेतलं आणि वहीत लिहिलं. वहीत रकाना एकच होता: पायाचं आकारमान, मिलिलिटरमध्ये. पाय ओढून घेण्यासाठी रकाना नव्हता. आणि तो उंदीर 'कंट्रोल' गटातला होता, म्हणजे त्याला संधिवात दिलेला होता आणि औषध मुळीच द्यायचं नव्हतं.

आमचा प्रयोग एका वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा होता. उंदराच्या तळपायात 'फ्रॉइंड्स ॲडज्युव्हंट' टोचायचं. मारलेले क्षयाचे जंतू खनिज तेलात घोटलेले असतात ते. पाय लगेच सुजतो. दहा-बारा दिवसांनी, जिथे सुई लागलीच नाही ते सांधेही सुजायला लागतात. दुसरा पाय, पुढचे पंजे, कधी शेपटीसुद्धा. माणसाच्या आमवाताशी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी याचं काही साम्य आहे हे 1956 साली पिअर्सन यांनी मांडलं, तेव्हापासून ही पद्धत जगभर चालत आली. आमच्या अर्काने सूज कमी झाली. प्रबंधाच्या शेवटी मी लिहिलं, 'अर्कात लक्षणीय संधिवातविरोधी गुण आढळले, पुढील संशोधन आवश्यक आहे.' ते पुढील संशोधन कुणी केलं नाही. तीसही उंदीर शेवटी 'सॅक्रिफाइस' केले. लॅबमध्ये हाच शब्द चालतो, आणि तो रोज वापरला की त्याचा अर्थ मनात येईनासा होतो.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि प्रबंधांचं कपाट उघडा. निर्गुंडी, शल्लकी, गुग्गुळ, आलं, हळद, शेवगा, रुई. पान बदलतं, मूळ बदलतं, अर्काचा द्रावक बदलतो. बाकी उंदीर तोच, पायाची सूज तीच, शेवटचं वाक्यही तेच. माझं म्हणणं असं, की या प्रयोगांना आता परवानगी देऊ नये. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या प्रयोगाच्या उत्तराने कुणाच्याही उपचारात काहीही बदलणार नाही, त्याच्यासाठी जिवंत प्राण्याला आठवडेच्या आठवडे संधिवाताच्या वेदनेत ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

'पुरे करा हे प्रयोग' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं असतं आणि ते खरं नसतं, म्हणून आधी दुसरी बाजू सांगते. आमवाताच्या उपचारात गेल्या चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी झेप म्हणजे शरीरात दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या रेणूला अडवणारी औषधं. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने ती वाट काढली. पण त्यांची सुरुवात उंदरापासून झाली नव्हती. त्यांनी आधी रुग्णांच्या सांध्यातून काढलेल्या पेशी बशीत वाढवल्या. त्यात टीएनएफ अडवला तर दाह वाढवणारे दुसरे रेणूही खाली येतात, हे 1989 मध्ये दाखवलं. म्हणजे प्रश्न माणसाच्या सांध्यातून आला. तो नेमका झाल्यावरच ते उंदराकडे गेले, आणि 1992 मध्ये दिसलं की सांधे सुजल्यानंतर टीएनएफला अडवणारी अँटिबॉडी दिली तरीही आजार उतरतो. त्याच वर्षी पहिल्या रुग्णांना औषध मिळालं. 1999 मध्ये अमेरिकेत त्याच औषधाला, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबला, आमवातासाठी मान्यता मिळाली. आज कितीतरी बायका स्वतःच्या हाताने केस विंचरू शकतात त्यामागे त्या उंदरांचा वाटा आहे, आणि मी तो नाकारणार नाही.

'सांधे सुजल्यानंतर' हे दोन शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. आमच्या प्रयोगात औषध पहिल्या दिवसापासून दिलं होतं, ॲडज्युव्हंट टोचलं त्याच दिवशी. आजार व्हायच्या आधीच. दवाखान्यात असा रुग्ण येतो का? बोटं वाकडी व्हायला लागली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, की मग माणूस डॉक्टरकडे जातो. आजार जडण्यापूर्वी दिलेलं औषध जे करतं ते जडलेल्या आजारात करेलच असं नाही. हे फार्मॅकॉलॉजीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तरी पहिल्या दिवसापासून द्यायचं, कारण तसं केलं की आलेख देखणा येतो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ॲडज्युव्हंटच्या उंदराला साधी दाहशामक औषधं, म्हणजे डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन ही मंडळी, फारच छान लागू पडतात. सूज तर उतरतेच, सांध्याचं नुकसानही कमी होतं. माणसात तसं होत नाही. माणसाला या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, ताठरपणा कमी होतो, पण आत सांधा झिजायचा तो झिजतच राहतो. म्हणून तर मूळ आजारालाच आवर घालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं द्यावी लागतात. म्हणजे आपण तुलनेसाठी 'स्टँडर्ड' म्हणून जे औषध शेजारी ठेवतो, त्याच्याच बाबतीत हा उंदीर आपल्याला चुकीचं सांगतो. मग नव्या अर्काबद्दल तो जे सांगेल त्यावर कशाच्या आधारे विसंबायचं?

कॅराजिननच्या चाचणीचंही असंच आहे. समुद्री शेवाळातून काढलेला हा पदार्थ तळपायात टोचला की तीन-चार तासांत पाय टम्म फुगतो. 1962 मध्ये विंटर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, आणि त्या काळात ती खरोखर कामाची होती. ॲस्पिरीनसारख्या गुणाची औषधं तिच्यातून झटपट निवडता यायची, इंडोमेथॅसिन त्यातलंच एक. ॲस्पिरीन नेमकं काय करतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणारं शरीरातलं रसायन, तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. चाळणी जशी तसं पीठ. या चाळणीतून ॲस्पिरीनच्या जातीचीच औषधं खाली पडणार, आणि तशी औषधं आपल्याकडे आधीच डझनभर आहेत. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराचं उत्तर चार तासांच्या सुजेत शोधणं 1962 साली समजण्यासारखं होतं. आज ते केवळ सवयीने चालू आहे.

आता दुखण्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त खुपतं ते तिथे.

माझ्या आईला आमवात आहे. औषधं नीट लागू पडली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, बोटांची सूज जवळजवळ गेली. डॉक्टर समाधानी होते. पण आई कणीक मळताना मध्येच थांबायची, परातीच्या काठावर मनगट टेकवून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, 'सूज नाही गं, पण ठणकतं.' सूज आणि ठणका एकाच सांध्यात राहतात, पण एक गेलं की दुसरं जातंच असं नाही. रोज सांधेदुखीचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही. मग वेदनेचं औषध शोधतोय म्हणताना आपण नुसता पाय किती फुगला ते का मोजतो? कारण ते मोजायला सोपं आहे. नळी आहे, पारा आहे, आकडा येतो.

उंदराचं दुखणं मोजता येत नाही, ही सबब आता चालणारी नाही. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने 2010 मध्ये लहान जातीच्या उंदरांच्या (माइस) चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पट्टी मांडली, वर्षभरात मोठ्या जातीच्या उंदरांसाठीही (रॅट) ती आली. डोळे किती आवळले आहेत, नाकाचा आणि गालाचा फुगवटा किती सपाट झाला, कान आणि मिशा कशा वळल्या आहेत, हे पाहून गुण द्यायचे. एक कॅमेरा आणि नीट शिकवलेली दोन माणसं, एवढंच त्याला लागतं. आणखी एक साधी रीत आहे. निरोगी उंदराला खड्यांनी भरलेली नळी दिली की तो खडे उकरून बाहेर टाकतो. तो त्याचा स्वभावच आहे. सांधा दुखत असला की तो हे काम टाकून देतो, आणि वेदना शमवणारं औषध मिळालं की पुन्हा लागतो. माझ्या आईचं परातीशी थांबणं आणि उंदराचं खडे न उकरणं यांत मला फार अंतर दिसत नाही. हे मोजलं तर निदान आपण योग्य गोष्ट मोजतोय एवढं तरी म्हणता येईल. अर्धे मिटलेले डोळे मीही त्या दिवशी पाहिले होते. ते काहीतरी सांगताहेत हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

मोगिल यांच्याच गटाने 2014 मध्ये दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या अंगाच्या वासानेच उंदरांना ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते; पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तेच होतं. म्हणजे सोमवारी कुणी रीडिंग घेतलं आणि गुरुवारी कुणी, याने निकाल हलू शकतो. आमच्या लॅबमध्ये जो मोकळा असेल तो उंदीर धरायचा. 2015 मध्ये असंही दिसलं की नर उंदरांत वेदना टिकवून धरणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी एका प्रकारच्या असतात आणि मादीत त्यांची जागा दुसऱ्या पेशी घेतात. आमवात बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होतो. आमचे तीसही उंदीर नर होते. का, तर माद्यांच्या ऋतुचक्रामुळे आकडे हलतात. बायकांच्या दुखण्यावरचं औषध, आणि चाचणी फक्त नरांवर, तीही बाईपणाची अडचण नको म्हणून!

आणखी एक कबूल केलं पाहिजे. उंदरांचे गट आम्ही चिठ्ठ्या टाकून केले नाहीत. पिंजऱ्यात हात घातल्यावर जो आधी हाती लागला तो पहिल्या गटात. आधी हाती लागतात ते बहुधा सुस्त उंदीर. आणि रीडिंग घेताना कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मला माहीत होतं. पारा दोन रेघांच्या मध्ये असला की डोळा कुठे झुकतो, ते सांगायला नको. मी खोटं काही लिहिलं नाही. पण खोटं न लिहिताही चुकीचं लिहिता येतं, आणि ते टाळण्याच्या रीती साध्या आणि फुकट आहेत. 2010 पासून प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहून मांडावेत याची 'अराइव्ह' नावाची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगत आली आहेत: गट कसे पाडले, मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का, नर की मादी, किती प्राणी आणि का, हे सगळं लिहा.

यावर लोक म्हणतील, मग आपल्या वनौषधींची परीक्षा कशी घ्यायची? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. शल्लकीच्या अर्काची गुडघेदुखीवरची चाचणी नागपुरात झाली आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण तीसच होते, माझे उंदीर होते तेवढेच. पण ती माणसं होती, त्यांना विचारून घेतलं होतं, कुणाला औषध आणि कुणाला औषध नसलेली नुसती कॅप्सूल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं. आधी औषध घेणाऱ्यांना नंतर नुसती कॅप्सूल, आणि आधी नुसती घेणाऱ्यांना नंतर औषध. दुखतं किती, गुडघा वाकतो किती, चालता किती येतं, हे त्यांनाच विचारलं. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने याहून मोठं काम केलं. 1996 पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी करणारा हाच गट. 2013 मध्ये त्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांवर आयुर्वेदिक औषधांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या गुडघेदुखीवर दिल्या जाणाऱ्या औषधांशी केली. आयुर्वेदिक औषधं बरोबरीची ठरली. आणि त्यात काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृतावर ताण आल्याची खूण, वाढलेलंही दिसलं, तेही त्यांनी लपवलं नाही. उंदराचा पाय पाऱ्यात बुडवून हे कधी कळलं असतं?

जी मुळं-पानं आपण शतकानुशतकं पोटात घेतो, लेप करून लावतो, ती खरंच उपयोगी आहेत का आणि कुणाला बाधतात का, हा प्रश्न माणसांचाच आहे. माणूस हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, मध्येच सोडून जाऊ शकतो. उंदीर फक्त पाय ओढून घेऊ शकतो.

आणि जिथे प्राण्यावरच परीक्षा घ्यावी लागते, तिथे ती कशी घ्यावी याचाही धडा आपल्याकडे आहे. डायक्लोफेनॅक हे सांधेदुखीचं, दाहाचं औषध गुरांनाही दिलं जायचं. गाय बरी व्हायची. पण औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेल्या गुराचं मांस खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी व्हायची. हे कारण 2004 मध्ये उलगडलं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एकही उरणार नाही अशा गतीने संपत आली होती. 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण गुरांचं दुखणं तर थांबणार नव्हतं. त्यांना दुसरं कोणतं औषध द्यायचं? हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर गिधाडाशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं. शास्त्रज्ञांनी मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या दाहशामकाची परीक्षा आधी आफ्रिकेतल्या, तुलनेने संख्येने जास्त असलेल्या भाऊबंद गिधाडांवर घेतली, थोड्या मात्रेपासून पायरीपायरीने, आणि मगच आपल्या दुर्मीळ जातींवर. मेलॉक्सिकॅम सुरक्षित निघालं. केटोप्रोफेनने मात्र गिधाडं मेली. भारतात गुरांसाठीच्या केटोप्रोफेनवर आणि ॲसिक्लोफेनॅकवर 2023 मध्ये बंदी आली, निमेसुलाइडवर 2024 च्या अखेरीस. त्या मोजक्या पक्ष्यांचे प्राण गेले त्याचं वाईट वाटतंच, पण ते कशासाठी गेले हे सांगता येतं. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला आजही गिधाडांची घरटी राखणारी माणसं आहेत. ते उत्तर त्यांच्या रोजच्या कामाचं आहे.

माझ्या तीस उंदरांबद्दल मला असं काही सांगता येत नाही.

नियम नाहीत असं नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली देखरेख समिती आहे, संस्थेत प्राणी-नैतिकता समिती असते, परवानगीसाठी 'फॉर्म बी' हा अर्ज भरावा लागतो. प्राणी का लागतात, किती लागतात, दुसरा पर्याय पाहिला का, हे तिथे विचारलेलं असतं. पण त्या रकान्यांची उत्तरंही सीनियरच्या फॉर्मवरून उतरवून काढली जातात. मी तेच केलं. समितीची बैठक झाली, एका दुपारी ढिगाने प्रोटोकॉल मंजूर झाले. मला एकच प्रश्न विचारला गेला, तोही उंदीर कुठून आणणार याचा.

समितीने त्या वेळी मला विचारायला हवं होतं ते हे: या अर्काने सूज उतरली नाही, तर तू काय वेगळं करशील? आणि उतरली, तर? दोन्हींचं उत्तर 'प्रबंध जमा करीन' असंच असेल तर तो प्रयोग तिथेच थांबवायला हवा. जे थांबणार नाहीत त्यांच्यासाठी वेदनेची मोजणी सक्तीची हवी, गट चिठ्ठ्यांनी पाडायचे, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, माद्याही घ्यायच्या. आणि दुखणं अमुक पातळीच्या पुढे गेलं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच संपवायचा, मग आलेखात एक बिंदू कमी पडला तरी चालेल. वेदनाशामकाचा प्रयोग आहे म्हणून कंट्रोलच्या उंदराला वेदनाशामक देता येत नाही, हे मला कळतं. म्हणून तर त्याला एकवीस दिवस तसं ठेवण्याआधी शंभरदा विचार करायला हवा. फसलेले प्रयोगही विद्यापीठाने एका ठिकाणी सगळ्यांना पाहता येतील असे ठेवावेत, म्हणजे एकाच पानाचा अर्क चार कॉलेजांत चार वेळा उंदरांना टोचला जाणार नाही.

विद्यार्थ्यांना हात बसायला हवा, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कशावर बसायला हवा? पेशींच्या बशीवर काम करायला शिकवा, अस्थिरोग विभागात सांधा बदलताना काढलेल्या ऊतींवर रुग्णाच्या संमतीने काम करायला शिकवा, रुग्णांची प्रश्नावली नीट भरून घ्यायला शिकवा. 2023 मध्ये आपल्या नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरच्या पद्धतींना जागा मिळाली आहे. उद्या औषध कंपनीत नोकरीला लागणाऱ्या मुलीला पाऱ्यात पाय बुडवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

हे महिने सिनॉप्सिसचे, म्हणजे प्रबंधाचा विषय आणि आराखडा ठरवण्याचे आहेत. गाइड यादी पुढे ठेवतात, त्यात 'अमुक पानांच्या अर्काचा संधिवातविरोधी गुण, उंदरांमध्ये' असा विषय असतोच. तो सोपा असतो, वेळेत संपतो, गेल्या वर्षीचा प्रोटोकॉल तयार असतो. मी तो घेतला तेव्हा बावीस वर्षांची होते आणि गाइडना उलट प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती. ज्या मुलामुलींसमोर आज ती यादी आहे त्यांना मी सांगेन, आधी एखाद्या संधिवाताच्या ओपीडीत एक सकाळ बसून या. बाकावर बसलेल्या बायकांना विचारा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. मग विषय निवडा.